चतुर पाहायचे तर आधी पाणी ओळखा: ठाणे-नवी मुंबईतल्या जागा आणि पाहण्याची रीत

गणपती गेले आणि पाऊस जरा उघडला की ठाण्यातल्या मोकळ्या मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालायला लागतात. शाळेतून येणारी मुलं ‘हेलिकॉप्टर, हेलिकॉप्टर’ करत त्यांच्यामागे धावतात. हा ग्लोब स्किमर, शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. जगात सगळ्यात जास्त पसरलेला चतुर हाच. मालदीवमध्ये राहून काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 साली याच्याबद्दल एक थक्क करणारी मांडणी केली. मालदीवमध्ये जमिनीवर गोडं पाणी जवळजवळ नाहीच, तरीही दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे लाखो चतुर उतरतात. ते भारताकडून येतात, वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात आणि पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परत फिरतात. जाऊन-येऊन 14 ते 18 हजार किलोमीटर. आपल्या सोसायटीच्या मैदानावर दिसणारा थवा याच प्रवासाला निघालेला असू शकतो.

तरीही चतुर पाहण्याची सुरुवात या थव्यापासून करू नका, असंच मी सांगेन. हे चतुर खाली क्वचितच बसतात. मान दुखेपर्यंत वर पाहायचं आणि हाती काही लागायचं नाही. सुरुवात करायची ती पाण्याच्या कडेला, बसणाऱ्या चतुरांपासून. आणि कुठला चतुर दिसेल हे ठरतं ते पाणी कसं आहे त्यावरून. गेली बारा वर्षं मी वर्तकनगरहून निघून ठाणे, नवी मुंबई आणि कर्जत-कसारा मार्गावरची गावं या छंदापायी फिरतो आहे. जागांची नावं लक्षात ठेवण्यापेक्षा पाण्याचे प्रकार लक्षात ठेवले, म्हणून अनोळखी गावातही मी रिकाम्या हाताने परतलो नाही.

निघण्यापूर्वी: चतुर कोण, टाचणी कोण

दोघंही एकाच गणातले, ओडोनाटा. भारतात या गणाच्या सुमारे 500 जाती आहेत. चतुर अंगाने भरदार आणि उडायला ताकदवान. बसला की चारही पंख आडवे पसरून ठेवतो आणि त्याचे डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात. टाचणी नावाप्रमाणे बारीक. तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना लांब लांब असतात आणि बसल्यावर ती पंख पाठीवर मिटून घेते. अपवाद दोन्हीकडे आहेत. लेस्टिस कुळातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, तर क्लबटेल चतुरांचे डोळे एकमेकांपासून सुटे असतात. पहिल्या दिवशी हे अपवाद बाजूला ठेवले तरी चालेल.

नर आणि मादी यांचा रंग इतका वेगळा असतो की नवखा माणूस त्यांना दोन जाती समजतो. स्कार्लेट स्किमरचा नर कुंकवासारखा लाल, मादी फिकट पिवळी. कोवळे नरसुद्धा मादीसारखेच दिसतात आणि रंग चढायला काही दिवस लागतात. त्यामुळे नुसत्या रंगावर नाव ठरवायची घाई नको.

वेळ आणि हंगाम

जून-जुलैच्या धुवाधार पावसात फारसं काही हाती लागत नाही. खरा बहर ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, त्यातही नवरात्र ते दिवाळी हे दिवस सोन्यासारखे. डिसेंबरनंतर संख्या उतरते, पण कायम पाणी असलेल्या तलावांवर मे महिन्यातही चार-पाच जाती भेटतात.

दिवसाची वेळ म्हणाल तर पक्षी पाहणाऱ्यांसारखं पहाटे सहाला निघायची गरज नाही. चतुराला अंग तापवायला ऊन लागतं. साडेआठ ते बारा ही उत्तम वेळ. सात वाजता गेलात तर ते दव अंगावर घेऊन गवतात गारठलेले सापडतात; तेव्हा फोटो छान मिळतात, वागणूक मात्र दिसत नाही. भर दुपारी काही चतुर शेपटीचं टोक सरळ सूर्याकडे करून काटकोनात उभे राहतात. अंगावर कमीत कमी ऊन पडावं म्हणून केलेली ही युक्ती. ती पाहण्यासाठी म्हणून एकदा तरी दुपारी बारा वाजता तळ्याकाठी उभं राहा.

पहिली पायरी: घराजवळचं पाणी

ठाण्यात आजही पस्तीसएक तलाव आहेत. उपवन माझ्या पायाखालचा, म्हणून त्याचंच उदाहरण देतो. काठावर फेरी मारू नका. जिथे दगडी बांधाला लागून थोडं गवत, लव्हाळा किंवा तरंगणारी पानं आहेत असा दहा-पंधरा पावलांचा तुकडा शोधा आणि तिथेच अर्धा तास थांबा.

सगळ्यात आधी दिसेल डिच ज्वेल. नराच्या पंखांवर नारिंगी झाक, अंगही तसंच, पाण्यालगत खालच्या काडीवर बसतो. गढूळ, सांडपाणी मिसळलेलं पाणी याला चालतं. म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नावात कंटामिनाटा हा शब्द आहे. एखाद्या तळ्यावर फक्त हाच आणि हाच दिसत असेल तर त्या पाण्याची तब्येत काय आहे ते कळलंच. तिथेच स्कार्लेट स्किमर, तळ्याच्या पानांवर चटकन ओळखू येणारी, पिवळ्याधमक शेपटीची कोरोमंडल मार्श डार्ट टाचणी आणि हिरवट-काळ्या पट्ट्यांचा ग्रीन मार्श हॉक हेही भेटतील. या शेवटच्यावर नजर ठेवा. पोटाचा बुंधा फुगीर, पुढे एकदम सडपातळ आणि डोळे हिरवे. हा दुसऱ्या चतुरांना पकडून खातो. उपवनला एकदा मी त्याला त्याच्याच अंगलटीच्या चतुराला धरून पंधरा मिनिटं चावत बसलेलं पाहिलं. त्या दिवशी दुसरं काही बघायची इच्छाच उरली नाही.

पाण्यातून वर आलेली वाळकी काठी दिसली की तिच्या टोकाकडे पाहा. तिथे काळा-पिवळा, दांडगा, शेपटीच्या टोकाला पानासारखे पडदे असलेला कॉमन क्लबटेल असेल. उडाला तरी निराश होऊ नका. तो त्याच काठीवर परत येतो.

तलावांचं सुशोभीकरण होतं तेव्हा काठ सरळसोट दगडी किंवा काँक्रीटचे बांधले जातात आणि काठावरचं गवत साफ होतं. बऱ्याच टाचण्या पाण्यातल्या वनस्पतींच्या देठात अंडी घालतात. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि शेवटची कात टाकायला कुठल्या तरी देठावर चढून पाण्याबाहेर येतात. देठच नाही तर चढायचं कशावर? हे मला मनापासून खुपतं. तुमच्या प्रभागातल्या तलावाचं काम निघालं तर निदान एका बाजूचा हिरवा काठ राखा, एवढं म्हणायला जा.

गच्चीवरची पाण्याची टाकी, विहिरीचा कठडा, सिमेंटची भिंत इथे ग्रॅनाइट घोस्ट शोधा. राखाडी-काळ्या ठिपक्यांचा हा चतुर भिंतीला असा चिकटून बसतो की हललाच तर दिसतो. सिमेंटच्या टाकीत, कातळावरच्या डबक्यात याची पिल्लं वाढतात.

दुसरी पायरी: येऊर आणि मानपाडा, वाहतं पाणी

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथले ओढे खळखळत असतात, पाणी नितळ झालेलं असतं. इथला बाज तळ्यापेक्षा अगदी निराळा.

ओढ्यातल्या उन्हात तापलेल्या दगडावर निळसर-काळा ब्लॅक स्ट्रीम ग्लायडर बसलेला असतो. जवळच गुलाबी-लाल शेपटीचा आणि निळसर राखाडी छातीचा क्रिमसन-टेल्ड मार्श हॉक. गुलाबी-जांभळट झाक असलेला क्रिमसन मार्श ग्लायडर दिसला तर नवखा माणूस त्याला आधीचाच समजतो. त्याच्या पंखांच्या शिरा लालसर आणि पंखांच्या मुळाशी केशरी डाग असतो, तेवढं पाहिलं की गोंधळ मिटतो.

ओढ्याच्या काठच्या सावलीत, गुडघ्याएवढ्या झुडपांत टाचण्या शोधायच्या. पिवळ्या पायांची यलो बुश डार्ट इथली. नुकतीच कात टाकलेली असेल तर ती पांढरीफटक दिसते आणि वाटतं की ही कुठली नवीच जात! सावलीत डोळे स्थिरावायला पाच मिनिटं द्या. घाईने चालत गेलात तर एकही दिसणार नाही. थांबलात तर एका झुडपात सहा-सात निघतील.

येऊरला ठाणे स्टेशनहून परिवहनची बस जाते. पाटोणापाड्याजवळ वनखात्याची चौकी आहे. तिथे विचारूनच आत जा, आणि ज्या वाटांना मनाई आहे त्या वाटांना जाऊ नका. बिबट्याचं घर आहे ते. संध्याकाळी पाचच्या आत बाहेर पडायचं, एकट्याने जायचं नाही. मानपाड्याला, घोडबंदर रस्त्यालगत, उद्यानाचा निसर्ग परिचयाचा भाग आहे. मुलांना घेऊन जायचं असेल तर मी येऊरपेक्षा मानपाडा सुचवेन.

तिसरी पायरी: नवी मुंबई, गोडं आणि मचूळ पाणी

नवी मुंबईची जमीन बरीचशी भरतीच्या रेषेखाली आहे, म्हणून शहर वसवताना पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव ठेवले गेले. नेरूळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई त्यातलाच. या पाण्यात खाडीचा अंश असतो, आणि बहुतेक चतुरांना खारट पाणी मानवत नाही. जे चालवून घेतात तेच इथे दिसतात. सेनेगल गोल्डन डार्टलेट ही निळ्या शेपटीची इवलीशी टाचणी अशा पाण्याला सरावलेली. किनाऱ्यालगतचा कोस्टल ग्लायडर झुडपाच्या अगदी शेंड्यावर वाऱ्याच्या दिशेने तोंड करून बसतो. सीवूड्सच्या पाणथळ भागात फ्लेमिंगो पाहायला गेलात तर दुर्बीण एकदा कांदळवनाच्या काठावरच्या गवताकडे वळवा.

बेलापूर-खारघरच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात वाहणारे छोटे ओहोळ आहेत, त्यांच्यावर येऊरसारखेच ओढ्याचे चतुर मिळतात. मात्र पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर पावसाळ्यात प्रवेशबंदी असते आणि ती पाळायची. तिथे बुडून माणसं गेली आहेत. चतुरांसाठी धबधब्याचा पायथा लागतही नाही. रस्त्याकडेच्या, घोट्याएवढ्या पाण्याच्या पाझरावर जास्त जाती दिसतात.

चौथी पायरी: लोकल पकडा आणि भातखाचरात उतरा

माझी सगळ्यात आवडती जागा सांगायची तर जंगल नाही, भाताची खाचरं. कर्जत लोकलने वांगणी-शेलूला उतरा, किंवा कसारा लोकलने आसनगाव-आटगावला. स्टेशनपासून वीस मिनिटं चाललं की बांध सुरू होतात. एका बाजूला खाचराचं उथळ, उबदार पाणी, दुसऱ्या बाजूला पाटाचं वाहतं पाणी, मध्ये गवताचा बांध. तीन प्रकारची वस्ती शंभर पावलांत.

इथला राजा पाइड पॅडी स्किमर. नराचे पंख निम्म्यापर्यंत काळेभोर, पुढे पांढरा पट्टा आणि टोक काचेसारखं पारदर्शक. वाऱ्यावर भात हललं की शेकडो पंख एकदम उघडमीट करताना दिसतात. दलदलीच्या कडेला, पाणकणसांच्या आसपास पिवळ्या-काळ्या नक्षीच्या पंखांचा कॉमन पिक्चरविंग फुलपाखरासारखा तरंगत असतो. पुष्कळ लोक त्याला फुलपाखरूच समजतात. बांधावरच्या मातीत, पायाशी ग्राउंड स्किमर. आणि गवताच्या बुंध्याशी वाकून पाहिलं तर पिग्मी डार्टलेट, आपल्या सगळ्यात छोट्या टाचण्यांपैकी एक, नखाच्या दीडपट लांब असेल. तिच्यासाठी अक्षरशः जमिनीवर बसावं लागतं.

बांधावरून चालताना भात तुडवायचं नाही आणि शेतात माणूस दिसला की आधी बोलायचं. वांगणीजवळ एका काकांनी मला विचारलं होतं, “काय हरवलं का, दादा?” मी चतुर दाखवले. ते म्हणाले, “हे खाली खाली उडाय लागले का पाऊस येतो, आमची म्हातारी सांगायची.” मग तेच मला पलीकडच्या पाझर तळ्यावर घेऊन गेले. ती जागा मला एकट्याला कधीच सापडली नसती. ज्या खाचरात नुकतीच फवारणी झाली आहे तिथे फार थोडे चतुर दिसतात, हेही त्यांच्याशी बोलूनच कळलं.

आटगावहून पुढे तानसा. तिथला 1892 सालचा बंधारा मुंबईला पाणी देतो आणि भोवतीचं जंगल अभयारण्य आहे. तिथेही वनखात्याला विचारून जायचं. शहापूर-मुरबाडच्या बाजूला सह्याद्री जवळ येतो तसे सावलीतले गार ओढे लागतात आणि त्यांच्यावर फॉरेस्ट ग्लोरी ही चकाकत्या हिरव्या अंगाची मोठी टाचणी शोधायची. ती उन्हाच्या एका कवडशात येते, परत सावलीत जाते.

जवळ कसं जायचं

चतुराच्या एकेका डोळ्यात हजारो छोटे डोळे असतात, मोठ्या जातींत तीस हजारांपर्यंत. हालचाल त्याला लगेच कळते, स्थिर गोष्टीची तो फारशी पर्वा करत नाही. म्हणून हळू चाला, हात वर उचलू नका, सावली त्याच्यावर पडू देऊ नका आणि उंचीने लहान व्हा, म्हणजे वाका किंवा बसा. उडाला तर जागा सोडू नका. नर आपल्या ठिकाणाची राखण करतो, दुसऱ्या नराला हुसकावतो आणि बहुधा त्याच काडीवर परततो. दोन मिनिटं थांबायचं धैर्य असलं की काम झालं.

दुर्बीण घ्यायची असेल तर दोन मीटरच्या आतली वस्तू स्पष्ट दिसणारी घ्या. ताकद आठपट पुरे. पक्ष्यांसाठीच्या कित्येक दुर्बिणी जवळचं दाखवत नाहीत, म्हणून दुकानात स्वतःच्या बुटावर फोकस करून पाहा. ती नसली तरी मोबाइल पुरतो. एकाच चतुराचे तीन फोटो काढा: वरून, बाजूने आणि शेपटीच्या टोकाचा. बाजूच्या फोटोत छातीवरचे पट्टे दिसतात, टोकाच्या फोटोत नराचे चिमटे. ओळख बहुतेक या दोन ठिकाणी होते. समोरून घेतलेला डोळ्यांचा फोटो सुंदर असतो, पण त्यावरून नाव सांगणं अवघड. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख-ठिकाणासह टाकले तर जाणकार ओळख पटवायला मदत करतात.

वहीत जातीच्या नावाआधी पाणी लिहा: उभं की वाहतं, नितळ की गढूळ, सावली की ऊन, काठावर काय उगवलंय. आणि काय करत होते तेही. दोन चतुर बदामासारख्या आकारात जोडलेले दिसले तर ते मीलन. नर चिमट्यांनी मादीची मान धरतो आणि मादी शेपटी वळवून त्याच्या पोटाखाली नेते. मादी पाण्यावर शेपटी टपटप आपटत असेल तर ती अंडी घालते आहे. ग्लोब स्किमर चमकत्या गाडीच्या टपावरही असं करताना दिसतो, कारण त्या चकाकीत त्याला पाणी भासतं. देठावर रिकामी, पाठीवर चिरलेली कात दिसली तर ती नीट पाहा, पण देठ उपटू नका.

पकडायचं मात्र नाही. आम्ही लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचो. माझ्या मुलीने एकदा विचारलं, “बाबा, त्याला दुखत नव्हतं का?” तेव्हापासून मी मुलांना घेऊन जातो तेव्हा हातात जाळी नाही, फक्त भिंग देतो.

जपायचं काय

गमबूट घाला. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात लेप्टोची भीती असते. गवतात घोणस आणि फुरसं असतात, म्हणून पाय टाकण्याआधी काठीने चाळवा. अनोळखी कुंडात, डोहात उतरायचं नाही. कोंडेश्वरसारख्या ठिकाणी पाणी वरून शांत दिसतं आणि आत खेचतं. डास, ऊन आणि तहान यांची तयारी नेहमीचीच.

संध्याकाळी परतताना एखाद्या तलावाजवळून जात असाल तर दिवेलागणीला दहा मिनिटं थांबा. इतर चतुर गवतात शिरलेले असतात तेव्हा कोरल-टेल्ड क्लाउडविंग बाहेर पडतो. अंधुक प्रकाशात त्याचा लालसर देह दिसत नाही, मागच्या पंखांवरचा पांढरा डाग तेवढा दिसतो. पाण्यावरून दोन पांढरे ठिपके वेगाने येतात, वळतात, परत येतात. उपवनला, पूर्वेकडच्या पायऱ्यांवर, ऑक्टोबरात मी ते पाहत उभा असतो.